दूधवाली अल्विना आणि उसना पिचर

"तिसरं येणार आपुन," अल्विना म्हणाली. "आत्ता सातवं हाय ते मलाबी दिसतंय, माजं डोळं फुटलं न्हाईत. पर मोसम अर्धा झालाय, संपला न्हाई. तळाच्या गावांबरुबर अजून खेळायचं हाय, त्येबी आपल्या मैदानावर. कॅचर गवताच्या कापणीत अडकलाय, त्यो ह्या म्हैन्यात सुटंल. आन् कोल्बीचा हात तर आत्ता कुठं तापलाय. तिसरं. लईच वाईट झालं तर चौथं."

"आठात सातवं हाय आपुन," लायनस म्हणाला.

"ते तुज्या गायींनाबी म्हाईत हाय. म्होरलं बोल."

म्होरलं बोलायला लायनस टेस्मर कचरत होता. त्याच्या गोठ्याला चिकटलेल्या दूधखोलीत दोघं उभी होती. अल्विनानं टँकरची नळी त्याच्या टाकीला लावली होती आणि पंप घरघरत होता. लायनसनं टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. मग म्हणाला, की रविवारी ब्लूम लेक गावाबरोबरच्या बेसबॉलच्या मॅचला कोल्बी चेंडू टाकणार नाही. मॅनेजर क्लीटसनं त्याला बाकावर बसवायचं ठरवलंय. रविवारीच असं नाही, पुढंही. हात राखून ठेवायचा, म्हणजे ऑगस्टात ब्लूम लेकवाले त्याला उसना नेतील.

अल्विनानं पंप बंद केला. टाकीत अजून निम्मं दूध होतं.

"कुणी सांगितलं?"

"हर्बच्या बारमधी समद्यास्नी म्हाईत हाय. तू दुपारची झोपतीस, तुला कोन सांगणार?"

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि उसन्या पिचरची रीत आमच्या सगळ्या गावांत आहे. जो संघ राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचतो, तो वाटेत हरून घरी बसलेल्या गावांतले दोनतीन पिचर उसने नेतो. त्यात कमीपणा नाही. उलट ज्या घरचा पोरगा उसना जातो त्या घरची आई पुढचे कैक रविवार चर्चमधे पहिल्या बाकावर बसते. पण उसनं जायला आधी हरावं लागतं, आणि ते खेळून हरायचं असतं. जुलैतच अंग टाकायचं आणि आपला माणूस दुसऱ्यासाठी जपून ठेवायचा, हे कुणी केलेलं नव्हतं. ब्लूम लेकचा मॅनेजर टोलेफ आमॉट हा गोड माणूस. ट्रेलरचा दांडा जोडून घ्यायच्या निमित्तानं तो क्लीटसच्या वेल्डिंगच्या शेडमधे आला होता आणि जाता जाता म्हणाला होता, की यंदा तुमचं काही जमत नाही, मग पोराच्या हाताचं मातेरं कशाला करता.

आमचं सेंट ओथमार मिनेसोटात आहे आणि चर्चचं छप्पर गळत असलं तरी बेसबॉलच्या मैदानाच्या कुंपणाला दर वसंतात नवा रंग लागतो. संघाचं नाव कोंबडे. का, ते कुणाला ठाऊक नाही, आणि आजूबाजूच्या गावांनी त्यावर जे जे बोलायचं ते केव्हाच बोलून झालंय. मी मैदानाच्या कडेला खोपटात सॉसेज भाजतो. त्यामुळं अल्विनाचा आवाज माझ्याइतका जवळून कुणी ऐकलेला नाही.

ती लुट्केनांची पोरगी, पण दूधवाली झाली ती हर्लनमुळं. टँकर हर्लनचा. लग्न झाल्यावर ती शेजारी बसायची, मग त्याची पाठ धरली की चालवायची, मग एका हिवाळ्यात हर्लन फार्गोच्या एका बाईबरोबर निघून गेला आणि टँकर अंगणातच राहिला. अल्विना म्हणते, जे चालू होतं ते ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी तिनं बर्फ खरडला, गाडी सुरू केली आणि गायवाल्यांच्या दारोदार गेली, कारण गायीच्या कासेला कुणाचा नवरा पळाला हे समजत नाही. तेव्हापासून पहाटे निघायचं, दुपारपर्यंत सगळ्या टाक्या रिकाम्या करून चीजच्या कारखान्यात दूध ओतायचं. प्रत्येक दूधखोलीत ती संघाबद्दल काहीतरी सांगून येते आणि काहीतरी ऐकून येते. आमच्याकडं बातमी दुधाबरोबर फिरते.

मैदानावर ती बॅटवाला उभा राहतो त्या प्लेटच्या मागं, जाळीला टेकून, घडीची खुर्ची टाकून बसते. एका वर्षी एका अंपायरनं तिच्या तोंडामुळं तिला कुंपणाबाहेर काढलं. ती मुकाट्यानं उठली, टँकर आणून उजव्या कुंपणाला लावला, शिडीनं टाकीवर चढली आणि उरलेली सगळी मॅच वरून बोलली. अंपायरचा हुकूम कुंपणापर्यंतच चालतो. तो माणूस पुढं रिटायर होईपर्यंत आमच्याकडं आला की आधी उजव्या कुंपणाकडं बघायचा.

तर त्या गुरुवारी तिनं लायनसचं दूध पुरतं उपसलं, नमुन्याची बाटली भरली, आणि पुढच्या गायवाल्याकडं न जाता सरळ क्लीटसच्या शेडसमोर जाऊन टँकर रस्त्यात आडवा उभा केला. क्लीटस तिच्या भावाचा, वेंडेलिनचा मुलगा. संघाचा मॅनेजर तोच. तिला बघून त्यानं वेल्डिंगचा मुखवटा वर केला नाही.

"काच वर कर," ती म्हणाली. "तोंड बघू दे मला."

क्लीटसनं मुखवटा काढला. तो भांडायच्या बेतात नव्हता. तो म्हणाला, की आत्ती, मी काही गाव विकलेलं नाही. आपल्याकडं नऊ माणसं कशीबशी उभी राहतात. तिसऱ्या बेसवर मायरन आहे, तो वाकला की उठायला वेळ लागतो. कॅचर नाही. आपण ह्या वर्षी पुढं जात नाही, हे बारमधल्या कुणालाही विचार. मग जो एक हात चांगला आहे, त्याला तरी राज्याची माती लागू दे. आणि मग त्यानं जे खरं होतं ते सांगितलं.

"आबांचा हात मी बघितलाय, आत्ती. सकाळी शर्टाची बटनं आई लावत व्हती. मी पाच वर्साचा व्हतो, मला वाटायचं समद्यांच्या बाची बटनं आईच लावत्यात."

वेंडेलिननं ज्या वर्षी कोंबड्यांना राज्याच्या स्पर्धेला नेलं, त्या वर्षी त्यानं एकाच रविवारी दोन मॅची टाकल्या होत्या. सकाळी एक, दुपारी एक. त्या दिवसाची आठवण गावात अजून काढतात. हाताची आठवण फक्त त्याच्या घरात राहिली. अल्विना तेव्हा जाळीमागं उभी राहून त्याला आणखी एक टाक म्हणत होती, हे तीही जाणून होती आणि क्लीटसही. आमच्याकडं अल्विना गप्प बसली की माणसं खिडकीतून बघतात काय झालं म्हणून.

"दोन टाक म्हणून कोन सांगतंय?" ती शेवटी म्हणाली. "एक टाकू दे. हात दुखाय लागला तर काढ. मी सोता सांगीन काढ म्हणून. पर न दुखता बसवायचा, आन् त्येबी त्येंच्यासाठी? तुज्या बानं हात घालवला त्यो आपल्या गावासाठी घालवला. ह्यो तू गंजवायला ठेवतुयास."

क्लीटस म्हणाला, कोल्बीलाच विचार. त्याचं जे म्हणणं, ते माझं.

कोल्बी रिंगस्मूथ टर्कीच्या शेडमधे काम करतो. तिथं रोग येईल म्हणून बाहेरच्या बुटांना मज्जाव आहे, आणि दुधाचा टँकर चालवणाऱ्या, दहा गोठ्यांतून फिरून आलेल्या बुटांना तर दारापर्यंतसुद्धा येऊ देत नाहीत. म्हणून अल्विना बाहेर उन्हात उभी राहिली आणि कोल्बी आत, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या पक्ष्यांत, लाकडाचा भुसा पसरत. मधे तारेची जाळी. पक्षी इतके ओरडत होते की दोघांनाही ओरडूनच बोलावं लागलं, आणि त्यामुळं शेजारच्या शेडमधल्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्यापर्यंत आलं.

कोल्बी काही वेडंवाकडं बोलला नाही. त्याला राज्याच्या स्पर्धेत एकदा टाकायचं होतं. तेवीस-चोवीसचा पोरगा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत टर्कीमागं, आणि जे एक काम त्याला इतरांपेक्षा बरं जमतं ते रविवारी दुपारीच जमतं. शर्ट कुणाचा का असेना, तो म्हणाला.

"जा की," अल्विना म्हणाली. "मी काय तुजा पाय धरून बसले न्हाई. पर जुलैपासनं बसलेला पिचर ऑगस्टात कोन नेतंय ते सांग मला. तवा टोलेफच्या म्होरं बाकीच्या गावांचं पिचर हुबं असत्याल, हात तापलेलं. आन् तू हितं भुश्यात."

"त्यानं शब्द दिलाय, आज्जी."

"जूनमधी तू टाकत व्हतास आन् पावसानं मॅच थांबली, तवा ब्लूम लेकच्या धावा किती झाल्या व्हत्या?"

कोल्बी म्हणाला, "एकबी न्हाई."

"मग? त्येला तुजा हात नको हाय, लेकरा. त्येला तुज्या हातातनं सुटायचंय."

कोल्बीनं भुश्याचं फावडं जाळीला टेकवून ठेवलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. अल्विनाला उशीर झाला होता. पुढच्या गायवाल्याची टाकी भरून झाकणापर्यंत आली होती आणि तो फाटकात कमरेवर हात ठेवून उभा होता. तिनं त्याच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि वर त्याला संघाचं सगळं गणित समजावून सांगितलं.

आता मैदानाचं. आमच्याकडं मैदानाचा एकेक तुकडा एकेका घराकडं आहे. पिचरचा उंचवटा रिंगस्मूथांकडं, दुसऱ्या बेसची माती टेस्मरांकडं, आणि प्लेटसमोरचा, फळीच्या आकाराचा मातीचा पट्टा लुट्केनांकडं, अल्विनाच्या आजोबांपासून. ज्याचा तुकडा त्यानं राखायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि ज्याचा तुकडा त्याला थोडी लबाडी करायचा हक्क असतो, हे कुणी म्हणत नाही पण सगळे करतात. कोल्बीचा चेंडू खाली बुडतो, त्यामुळं बॅटवाले तो जमिनीवर मारतात. ब्लूम लेकची पोरं जोरात मारतात आणि जोरात पळतात. प्लेटसमोर माती ओली ठेवली तर चेंडूचा जोर तिथंच मरतो आणि आमच्या जड माणसांना तो उचलायला सापडतो. अल्विनानं शनिवारी संध्याकाळी पाणी घातलं. रविवारी चर्चला जायच्या आधी परत घातलं. मग ढग आले आणि ते काही वाळलं नाही. म्हणजे थोडी ओली करायची होती ती माती तिनं भाताच्या खाचरासारखी करून ठेवली.

मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे डोळे आमच्या बाकाकडं होते. कोल्बी शर्ट घालून आला, उंचवट्यावर गेला आणि टाकायला लागला. क्लीटस हात मागं बांधून उभा राहिला. टोलेफ आमॉटच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण तो बाकावर बसला तो नीट बसला नाही. अल्विनानं खुर्ची उघडली.

पहिले तीन डाव कोल्बीनं त्यांना काही करू दिलं नाही. चौथ्यात त्यांच्या एकानं चेंडू जमिनीवर मारला आणि तो अल्विनाच्या चिखलात पडला तो तिथंच बसला. मायरन तिसऱ्या बेसवरून धावत आला. धावत म्हणजे मायरन जितका धावतो तितका. तोपर्यंत मारणारा पहिल्या बेसवर सुखरूप पोचून टोपी सारखी करत होता. पुढच्याचंही तेच. तिसऱ्यानं मारलेल्या चेंडूवर मायरन चिखलात घसरला, पालथा पडला, आणि त्यानं पडल्या पडल्या फेकलेला चेंडू उजव्या कुंपणापर्यंत गेला, तोवर बेसवरचे दोघं पळून आले. दोन धावा.

ब्लूम लेकच्या बाजूला एक बाई होती, ग्रेथा नावाची, ती टोलेफची मेहुणी की कोण. ती जाळीजवळ येऊन म्हणाली, "अल्विना, तुज्या कोंबड्यांस्नी पवाय शिकीव आता."

"दोन्ही धावा माज्या चिखलानं दिल्यात," अल्विना म्हणाली. "तुमच्या पोरांनी एकबी मारली न्हाई. ते घरी गेल्यावर सांग."

पण ती उठली. पाचव्या डावानंतर मैदान ओढून सारखं करायची वेळ असते, तेव्हा तिनं कोरड्या मातीचं पोतं ओढत आणलं, दाताळं घेतलं आणि सगळ्यांसमोर आपल्या पट्ट्यात उतरली. अंपायर तरुण होता, त्याला तिचा इतिहास माहीत नव्हता. तो म्हणाला, मावशी, मैदान ओढायला पोरं आहेत.

"ह्यो तुकडा माजा हाय," ती म्हणाली. "चुकले मी. आता कोरडा करते, दोघांस्नीबी सारका."

आणि तिनं केला. चिखल खरडून बाजूला टाकला, कोरडी माती पसरली, बुटांनी दाबली, परत दाताळ्यानं सारखी केली. आमच्या बाजूचे लोक उभे राहून बघायला लागले. गावात आपल्या तुकड्यातली चूक अशी मोठ्यानं कुणी बोलत नाही. मीही सॉसेज उलटायचं विसरलो आणि एक ओळ पार करपली.

त्यानंतर ब्लूम लेकला काही मिळालं नाही. कोरड्या मातीवर चेंडू नीट यायला लागला, आणि कोल्बीच्या चेंडूत असं काही होतं की त्यांचे मारणारे बॅट घेऊन परत येताना बॅटकडंच बघत होते. सहाव्यात आमची एक धाव झाली. दोनाला एक. सातवा डाव संपला आणि कोल्बी बाकावर परतला तेव्हा गाव उभं राहून ओरडत होतं, अजून दोन डाव, अजून दोन.

अल्विना मात्र खुर्चीवरून उठून बाकाकडं गेली. तिनं पाहिलं होतं, की कोल्बीनं घाम डाव्या हातानं पुसला, टोपी डाव्या हातानं काढली, पाण्याचा पेलाही डाव्या हातानं घेतला.

"क्लीटस, काढ त्येला."

मागून हर्ब बारवाला म्हणाला, अगं आत्ता कुठं काढतेस, एकाच धावेचा फरक आहे. कोल्बी म्हणाला, मी टाकतो, काही झालेलं नाही.

"उजवा हात डोक्यावर घिऊन दाव," अल्विना त्याला म्हणाली.

कोल्बीनं उचलला. खांद्यापर्यंत आला, तिथून पुढं तोंड वाकडं झालं.

"माज्या भावाचाबी हितंपतुरच येत व्हता," ती म्हणाली. "तवा मी टाक म्हनले व्हते. क्लीटस, काढतुयास का मी अंपायरला सांगू?"

क्लीटसनं काढला. उरलेले दोन डाव मायरननं टाकले, चिखलाचा सदरा घालून. त्याचा चेंडू इतका हळू येतो की मारणाऱ्याला वाट बघून कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यात ब्लूम लेकचे सगळे बाद झाले. पण आमच्याकडूनही काही झालं नाही. शेवटच्या डावात तिसऱ्या बेसवर माणूस होता, तिथंच राहिला. आम्ही दोनाला एक हरलो.

दोन्ही संघ रीतीप्रमाणं ओळीनं हात मिळवत निघाले. कोल्बी डावा हात पुढं करत होता. टोलेफ त्याच्यापाशी थांबला, खांद्यावर थोपटलं, आणि म्हणाला की छान टाकलंस, आता मोसमभर हाताला आराम दे, ऑगस्टात मी तुला नेतो, शब्द म्हणजे शब्द. आजूबाजूला गाव उभं होतं. कोल्बीनं त्याच्याकडं बघितलं, मग आमच्या रंग दिलेल्या कुंपणाकडं.

"दोन रविवार आराम देतो," तो म्हणाला. "मग परत टाकणार हाय मी, हितंच. आदी आमाला भायेर काढून दावा. मग मागाय या."

टोलेफ हसला, पण ते हसू ह्या वेळी नीट बसेना. क्लीटसनं खाली बघून बॅटी पोत्यात भरायला सुरुवात केली, आणि मी त्याला ओळखतो म्हणून सांगतो, तो खाली बघून हसत होता. हर्ब बारवाल्यानं माझ्याकडून सॉसेज घेता घेता गणित मांडलं: आता पुढं जाणाऱ्या वरच्या चारात यायचं तर उरलेल्यातल्या बहुतेक जिंकायला लागतील, तेही दोन आठवडे कोल्बीशिवाय. म्हणजे नाहीच. अल्विना खुर्ची घडी करत होती. तिनं त्याला सांगितलं, की बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, आणि कॅचर येतोय, आणि मायरन टाकू शकतो हे आजच कळलं, ते काल तुला माहीत होतं का. हर्ब म्हणाला, मायरनला पिचर म्हणायचं असेल तर मी बिशप आहे. ती म्हणाली, मग टोपी घाल आणि आशीर्वाद दे, पण वाटेतून बाजूला हो.

लोक गाड्यांकडं निघाले. ज्याच्या त्याच्या घरची माणसं आपापल्या तुकड्यावर उतरली: रिंगस्मूथांनी उंचवट्याचे खड्डे बुजवले, टेस्मरांनी बेसची माती झाडली. अल्विनानं प्लेटसमोर दाताळं फिरवलं आणि पाण्याचा नळ बंद आहे ना ते दोनदा बघितलं. कोल्बी बर्फाची पिशवी खांद्याला लावून कुंपणाशी उभा होता. ती त्याच्याजवळून गेली तेव्हा तिनं पिशवी थोडी वर सरकवली, जिथं दुखत होतं तिथं.

रविवारी संध्याकाळी चीजचा कारखाना एक फेरी घेतो, कारण गायी सुट्टी पाळत नाहीत. तिच्या पायाला अजून मैदानाचा चिखल होता. तिनं टँकरच्या पायरीवर बूट घासले, डब्यातले दुसरे घातले, आणि गाडी सुरू केली. लायनसच्या अंगणात पोचली तेव्हा धारा होऊन टाकीत दूध ढवळलं जात होतं. तो दारात उभा होता, काहीतरी बोलायच्या तयारीत. तिनं त्याला आधी बाजूला केलं, टाकीचं झाकण उघडलं, दुधाचा वास घेतला, मापाची पट्टी बुडवून बघितली, आणि नळी जोडून पंप चालू केला.